ओळ दोनशे बारा

रात्रीचे साडेअकरा. स्वॉन्झी.
समुद्र ओहोटीला लागलेला,
आमच्या चढावरून कुणाचा तरी कचऱ्याचा डबा
वाऱ्याने आडवा होऊन गडगडत खाली चाललाय.
मी फाइल उघडते.
ग्वेनलियनचा हिरवा कर्सर आधीच तिथे,
ओळ एकशे नव्वदवर लुकलुकत.
माझा जांभळा.
गुरुवारपासून आम्ही बोलत नाही.

माझं उपप्रमेय पुसलंन् तिने,
तीन आठवड्यांचं,
आणि वर एकच शेरा: याची गरज नाही.
नव्हतीच गरज.
राग त्याचाच.

मिरजेला टिकेकर बाई
पक्ष, साध्य, सिद्धता अशी फळ्यावर मांडणी करून
मधेच खडू टेकवायच्या:
'हे तर उघडच आहे, पुढे चला.'
चाळीस मुली पुढे जायच्या.
या यंत्राला काहीच उघड नसतं.
अ बरोबर ब, तर ब बरोबर अ,
हेसुद्धा बोट धरून दाखवा,
नाहीतर लाल रेघ.
कधी कधी वाटतं हात जोडून म्हणावं याला, समजा.
आपल्याकडे त्या एकाच शब्दात
गृहीतही धरता येतं
आणि विनवताही.

पुरावा सुचेना, तर जागा अडवायला
इथे 'सॉरी' लिहायची सोय आहे.
यंत्र तेवढं चालवून घेतं,
शेजारी पिवळी खूण करतं फक्त:
काहीतरी राहिलंय.

पावणेबाराला हिरवा कर्सर
दोनशे बारावर आला.
थांबला. बराच वेळ.
मग एकेक अक्षर: सॉरी.
पिवळं झालं.

आता हे उपप्रमेयाबद्दल,
का गुरुवारबद्दल?
यंत्राला विचारून उपयोग नाही,
आणि ग्वेनलियनला विचारायला
मी अजून शिकलेले नाही.

सिद्ध एवढंच करायचं होतं
की तो संच रिकामा नाही.
एक घटक दाखवला की झालं.
मला अकरा ओळी लागल्या, आणि थंड झालेला चहा,
आणि दोनदा लाल.
दीड वाजता पिवळी खूण गेली.
यंत्र शाबासकी देत नाही,
नुसतं कुरकुरायचं थांबतं.

हिरवा कर्सर माझ्या अकरा ओळींवरून
सावकाश खाली उतरला.
सातवीत एक जास्तीची स्पेस होती,
ती काढलीन्.
आणि गेली झोपायला.