सोळा आणि सतराच्या मध्ये

फाल्गुन निम्मा सरला की दुकानाला पाटी लावते :
पाडव्याआधीची शिलाई बंद.
पाटी कुणी वाचत नाही.
मीही नाही.

येतात. मोबाईल पुढं धरतात.
दोन बोटांनी फोटो ताणतात, त्यात बाईचं डोकं जातं, पाय जातात,
नुसती बाही उरते काचेवर :
“अशी. फुग्याची. पण फुगा जरा कमी.”
जरा म्हणजे किती
हे शिकायला मला एकवीस वर्षं लागली.

यंदा लोण्याचा पिवळा आहे म्हणे.
सुप्रभा मगदूम सांगत होती, विश्रामबागेतून स्कूटीवर आलेली.
जयसिंगपूरला चुलत बहिणीचा साखरपुडा,
लिननची साडी, काठ नाही, जर नाही,
घडी उलगडली तर टेबलावर ऊन सांडल्यासारखं.
मी म्हटलं, आमच्याकडं म्हशी. लोणी पांढरं असतं.
ती हसली. “गाईचं असेल, ताई.”

असू दे गाईचं.
पण फिक्यावर फिकं चढवू नकोस, आजारी दिसशील.
खाली अजरखचं ब्लाउज घे, विटकरी,
बाही कोपराच्या वर दोन बोटं.
गळा बोटीचा. मग गळ्यात काही नको,
जे काय घालायचं ते कानात घाल.
केस वर बांध.
पाठ एवढी खोल उतरवलीय ती कशाला,
चैताचा वारा मानेवरनं आत शिरावा म्हणूनच ना?
आणि अस्तर सुतीच. हट्ट करू नकोस.

मशीनवर शाहीन मुजावरचा ईदचा अनारकली,
घेर सहा मीटर, संपता संपत नव्हता.

आमची गल्ली मार्केट यार्डाच्या पाठीला.
हळदीचा हंगाम लागला की
दारात टांगलेले पांढरे परकर
संध्याकाळपर्यंत पांढरे राहत नाहीत.
गिऱ्हाईक खाकरतं. मला सवय आहे.

साडेसातला वैजयंता आली.
रोज दारावरून जाते, आत कधी आली नव्हती.
पॉलिशच्या कारखान्यात निवडायला बसते,
साडीवर नवऱ्याचा शर्ट, शर्टाच्या बाह्या गुंडाळलेल्या.
हात धुऊन आलेली. दोनदा, म्हणाली.
कागदात गुंडाळलेलं कापड टेबलावर ठेवलं,
गर्द निळं, वांग्याकडं झुकणारं.
“कुडता शिवा. पिवळा सोडून कसला बी चालंल म्हटलं दुकानदाराला.”

फोटो?
“फोटो कशाला. हितपतूर.” गुडघ्याखाली हात नेला.
“बाही लांब. आन् खिसा पायजे. दोन.”
पैशाला?
“हात ठेवायला.”

माप घेताना तिनं दोन्ही हात लांब धरले,
माझ्या टेपला लागू नये म्हणून.
लागलं.
सोळा आणि सतराच्या मध्ये, अंगठ्याएवढं.

खिशाला अस्तर काय लावावं?
निळं उरलं नव्हतं.
सुप्रभाच्या साडीचा ब्लाउजपीस तसाच पडून होता,
अजरख घेतलं ना तिनं, मग “राहू दे तुमच्याकडंच” म्हणाली होती.
त्यातूनच कापलं.
डाग पडला तरी डाग दिसायचा नाही,
एवढाच हिशेब. दुसरं काही नव्हतं मनात.

ट्रायलला वैजयंतानं हात आत घातले.
थांबली. बोटांनी आतलं कापड चाचपलं,
मग खिसा उलटा करून बघितला.
काही बोलली नाही.
आरशासमोर एकदा डावीकडं वळली, एकदा उजवीकडं,
आणि पैसे देऊन निघाली तेव्हा
हात बाहेर होते. पिशवी धरायची होती, म्हणून असेल.

परवा सुप्रभा पुन्हा आली. बाही अर्धा इंच सैल.
टेप दंडाभोवती घेतली तशी ओरडलीच :
“ताई, हा बघा! हाच तो रंग!
साडीपेक्षा भारी आहे. कुठं मिळाला?”

हात खाली सोड, म्हटलं.
माप चुकेल.