सहाचे बारा

ओस्टापने ट्रक विकला तो एका अटीवर:
रोज संध्याकाळी येऊन नावं ठेवायचा हक्क त्याच्याकडे राहील.
मी हो म्हटलं. किंमत तरीही उतरवली नाही म्हाताऱ्याने.

एकावन्न सालचा फार्गो. रंग एकेकाळी हिरवा असावा,
आता जिथे गंज नाही तिथे खपली आहे.
चौतीस वर्षं मी कॅनोराच्या रस्त्यांवर शाळेची बस चालवली,
पिवळी, परक्याची, धुऊन परत करायची.
आपलं म्हणावं असं एकही चाक
माझ्या हाताखालून गेलं नाही.

गॅरेजात हीटर पुटपुटतो. बाहेर उणे एकतीस.
पाना हातातून निसटला की सिमेंटवर असा वाजतो
जशी थंडीच कुठेतरी तडकली.
पहिला महिना नुसते बोल्ट.
तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं,
सकाळी जोर लावायचा आणि कण्हायचं दोघांनी,
मी आणि बोल्टने.
जो हलला नाही त्याला आग दाखवली.
जो आगीलाही बधला नाही तो कापला.
माणसांशी इतकी सरळ मी कधी वागले नाही.

दाराचा आतला पत्रा काढला तर
मूठभर गहू घरंगळला,
उंदराचं वाळकं घरटं,
धान्य घातल्याची पावती, आकडे उडालेले,
आणि केसांची एक पिन.
ओस्टापने पिन उचलली, अंगठ्याने पुसली, खिशात टाकली
आणि म्हणाला, "आर्डिस, कार्बुरेटर उलटा बसवलायस."
बसवला नव्हता.

खरं भांडण झालं ते विजेवरून.
मूळची बॅटरी सहा व्होल्टची, जोडणीही उफराटी,
धन टोक सांगाड्याला.
मी म्हटलं, बारा करणार.
दिव्यांना उजेड हवा, हिवाळ्यात स्टार्टरला दम हवा.
पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक घालणार,
पट्टे घालणार, आरसे दोन्ही बाजूंना.
"सहा व्होल्टवर मी बायकोला बाळंतपणाला नेलं,
फेब्रुवारीत, रात्री, वादळात."
"मग? पोचलात?"
"पोचलो." थोडं थांबून, "पोर वाटेत झालं."
"बघा."
"बघा काय? सहाचे बारा करतेस
म्हणजे बारा वाजवतेस गाडीचे."
कानातलं यंत्र काढून त्याने
स्क्रूच्या डब्याशेजारी ठेवलं.
हा त्याचा निषेध. त्यानंतर माझं काहीही म्हणणं
त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

मार्चपर्यंत तसंच चाललं.
तो यायचा, यंत्र काढायचा, बादली उलटी घालून बसायचा.
मी जुन्या तारा ओढून काढायचे.
त्यांच्यावरचं कापडी वेष्टण हातात पीठ होऊन यायचं.
बल्ब बदलले, कॉइल बदलली,
इंधनाच्या काट्यासाठी वेगळा रोधक बसवला.
एक हॉर्न तेवढा राहिला.
विसरले म्हणा, किंवा त्याचं ते
पितळी थोबाड हलवायला हात धजला नाही म्हणा.

नवी बॅटरी जोडली त्या दिवशी
तपासायचं म्हणून बटण दाबलं.
सहासाठी जन्मलेल्या गळ्यात बारा ओतले गेले.
असा ओरडला तो,
छपरावरचा बर्फ घसरून खिडकीबाहेर पडला,
पलीकडच्या शेतातले कावळे एकदम उठले,
हाताने लावलेले टायरचे व्हॉल्व्ह टेबलावर नाचले.

ओस्टापने मान वर केली.
यंत्र डब्याशेजारीच होतं.
तो माझ्याकडे बघत नव्हता, ट्रककडेही नाही,
गॅरेजच्या दाराकडे बघत होता.
"कोण आलं?" त्याने विचारलं,
इतक्या हळू, की आपला आवाज त्याला ऐकू येत असणार.

मी पुन्हा दाबलं. थोडं जास्त वेळ.
त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

मग त्याने बादली सरकवली, उठला,
गाडीला एक फेरी घातली, सावकाश,
कुंपण तपासावं तशी.
"पुरे. जळेल तो," म्हणाला.
आणि मागे जाऊन, वाकून,
"हा डावा दिवा लागत नाहीये."

लागत नव्हता.