पितळ

पहाटे साडेपाचला मी फुटपाथ धुतो,
मग दाराचं पितळ घासायला घेतो.
पितळ उघडं पडलं की लोकांची अब्रू जाते,
माझं पोट मात्र त्यावरच चालतं.
एकतीस वर्षं, रोज :
दोन सिंह, टपालाची एक फट, चौदा बटणं.

दहाला सोलेदाद आली, एजन्सीची.
तिच्या मागे एक उंच बाई, ओस्लोहून की कुठून,
पायांत जाड बर्फाचे बूट
आणि इकडे ब्युनॉस आयर्समध्ये नोव्हेंबर,
जाकारांदा जांभळा सडा घालून बसलेला,
मी धुतलेल्या फुटपाथवर, पुन्हा.

"एकोणीसशे बारा," सोलेदाद म्हणाली,
"घुमट एका गव्हाच्या व्यापाऱ्यानं बांधलेला."
संगमरवर कराराचा,
करार डॉलरचा.

लिफ्ट जाळीची. पाहुणे असले की मीच चालवतो,
नाहीतर ती तिसऱ्यावर रुसते.
तिघं पिंजऱ्यातून वर जात राहिलो, मजले खाली बुडत गेले,
आणि भाड्याचा आकडा सोलेदाद तोंडानं बोलली नाही,
कागदावर लिहून दाखवला,
डॉक्टर आजाराचं नाव दाखवतो तसा.

पाचवा मजला.
इथे दोन्या एर्सिलिया राहायच्या, बेचाळीस वर्षं.
मार्चमध्ये गेल्या. म्हणजे वारल्या नाहीत,
भाडं वाढलं म्हणून गेल्या, लानूसला, पुतणीकडे.
पियानो खिडकीतून दोरांनी उतरवला
तेव्हा अख्खी गल्ली वर बघत होती
आणि त्या एकट्याच खाली, स्वतःच्या चपलांकडे.
लाकडी जमिनीत पियानोचे चार खड्डे राहिले होते.
एजन्सीनं घासून काढले.
तीन निघाले.

बाई झुंबराखाली उभी राहून हळूच "हॅलो" म्हणाली.
खोलीनं ते परत दिलं, जरा उशिरा.

स्वयंपाकघरामागे एक खोली आहे,
दोन मीटर बाय दीड, वर एक झरोका.
"इथे वाइन ठेवता येईल," सोलेदाद म्हणाली.
वाइनला ऊन सोसत नाही हे खरंच आहे.
रामोनाला सोसलं असतं.
कोर्रिएन्तेसहून आलेली, एकोणीस वर्षं राहिली त्या खोलीत,
कुणी विचारलं नाही.

प्रत्येक भिंतीत एक हस्तिदंती बटण.
"मूळचीच आहेत," सोलेदाद म्हणाली, "आता नुसती शोभेला."
मी गप्प. बोलायचे पैसे
एजन्सी मला देत नाही.

सही झाली. बाईचं नाव इंगेबोर्ग,
आडनाव मला लिहिता येतं, म्हणता येत नाही.

मंगळवारी रात्री साडेअकराला
मी तळघरात माते पीत बसलो होतो.
भिंतीवर जुनी पेटी आहे, काचेची, बारा कप्प्यांची.
तिच्यातली पत्र्याची एक पाटी पडली.
टक्.
पाच.

मी शर्ट चढवला. लिफ्ट मोकळी उभी होती,
तरी नोकरांच्या जिन्यानंच गेलो,
एकशे बत्तीस पायऱ्या,
पायांना कुणी सांगितलं कोण जाणे.

तिनं दार उघडलं. अनवाणी होती.
मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली,
"माफ करा. मला वाटलं, ही नुसती शोभेची आहे."

"मलाही तेच वाटलं होतं," मी म्हणालो.

मागे सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले,
एका खोलीत खुर्ची, दुसरीत बॅग, बाकी काहीच नाही.
ती उभी होती बरोबर चौथ्या खड्ड्यावर,
अंगठा त्यात रुतलेला,
तिला ठाऊकही नसावं.

"वाजली की कोण यायचं?"
"रामोना."
तिनं ते नाव एकदा म्हणून पाहिलं.

मी विचारलं, वायर तोडून टाकू का,
पक्कड खिशातच आहे.
तिनं बराच वेळ घेतला.
मग म्हणाली, "राहू दे."

उतरताना पायऱ्या मोजल्या, एक कमी भरली.
आता प्रश्न एवढाच
की पुढच्या वेळी पाटी पडली तर मी जायचं का.
करारात तसं काही नाही.