चासी क्रमांक ०४३१

मोंकालिएरीच्या शेडमध्ये दोन गाड्या,
शेजारी शेजारी,
एकाच क्रमांकाच्या.
माझ्या एका हातात दिवा, दुसऱ्यात कागद,
कागदाच्या तळाशी दोन चौकोन:
मूळ.
मूळ नाही.
फुली शाईनेच मारायची. खाडाखोड चालत नाही.

एक बिएल्लाच्या गिरणीमालकाच्या नातवाची,
वाइनच्या रंगाची, दर वर्षी पॉलिश झालेली,
दार लावलं की जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज.
दुसरी अलेस्सांद्रियाकडे कोंबड्यांच्या खुराड्याखाली सापडली.
तिच्या सीटमधून अजून पिसं निघतात.
दोघांचे वकील बाहेर
एकाच लायटरवर सिगरेटी पेटवतायत.

दॉत्तोरेस्सा ग्रिबाउदो मोजमापं घेते.
रंगाला नखाएवढी खिडकी पाडते:
लाल, त्याखाली करडा, त्याखाली हिरवा.
दुसरीलाही पाडते:
करडा, त्याखाली हिरवा.
"हिरवा दोघींनाही," ती म्हणते,
आणि चष्मा पुसत बसते.

कारखाना कधीच बुडाला. वह्या पुरात गेल्या.
उरला एवाझिओ रोल्फो, वय एक्याण्णव,
पत्रा ठोकून ठोकून बहिरा झालेला.
सुनेने त्याला घरातल्या सपातांवरच आणलाय.

तो गाड्यांकडे बघत नाही.
डोळे मिटून, मागच्या डाव्या चाकावरच्या फुगवट्यावर
उलटा हात फिरवतो,
पोराचा ताप बघावा तसा.
"इथे खोलगट आहे!" ओरडतो. बहिरी माणसं ओरडतातच.
"त्या दिवशी पिएरा झाली.
दारात निरोप्या आला, आणि हातोडा एकदा जास्त पडला.
वरून पुट्टी भरली. मालकालासुद्धा कळलं नाही."

पिसांची गाडी.
दॉत्तोरेस्सा माझ्याकडे बघते. मी पेनाचं टोपण काढतो.

तेवढ्यात तो दुसरीकडे सरकतो,
हात ठेवतो.
"इथेही आहे."

मग खुर्ची मागतो, पाणी मागतो,
अर्धं पाणी शर्टावर सांडतो, आणि सांगतो:
दोन वर्षांनी गिरणीमालकाने ही झाडावर घातली.
चासी सरळ केली. पण अंग नवं हवं म्हणाला, अगदी तस्संच,
शर्यत तोंडावर आलेली.
तोच लाकडी साचा. तीच वाळूची पिशवी. तोच हातोडा.
जुनं अंग कोपऱ्यात पडलं होतं,
पुढे कुणीतरी ते परक्या सांगाड्यावर चढवलं
आणि वर हाच आकडा ठोकला.

"तस्संच म्हणाला ना?
म्हणून मी तो खळगाही ठोकला.
पहिल्यांदा चूक झाली होती.
दुसऱ्यांदा केली.
झाली ती अशीच, वेडीवाकडी.
केलेलीला तीन दिवस लागले.
हात लावून बघा, केलेलीच चांगली जमलीय."

"म्हणजे हाडं हिची, कातडी तिची,"
दॉत्तोरेस्सा त्याच्या कानाशी ओरडते,
"मग खरी कुठली?"
त्याला 'कुठली' एवढंच ऐकू गेलं असावं.
"कॅसालेची," तो म्हणतो. "माझी बायको कॅसालेची."

सून त्याचा शर्ट पुसत,
आवाज न चढवता, मला म्हणते,
"पिएरा अकरा दिवस जगली.
हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं."
तो हसतो. आपण गाडीबद्दलच बोलतोय
असं त्याला वाटतं.

जेवायच्या सुट्टीत सगळे गेले. वकीलसुद्धा.
मी दिवा विझवला, डोळे मिटले,
उलटा हात फिरवला,
आधी एकीवर, मग दुसरीवर,
परत पहिलीवर.

गार पत्रा.
मला दोन्हीकडे
गुळगुळीतच लागला.