मोजणी

बिस्किटांच्या डब्यात आता औषधं राहतात :
निळा पंप, तपकिरी पंप,
माकडाचं चित्र असलेला मास्क,
रात्री दह्यात कालवायची पुडी.
पुडी सुरू झाल्यापासून चार्वी
दोन वाजता उठून भिंतीशी भांडते.

हडर्सफील्डला नोव्हेंबरात
खिडक्या आतून घामेजतात.
कपाटामागे काळी बुरशी.
घरमालक म्हणतो, खिडकी उघडा.
डॉक्टर म्हणाले, अजून खोकतेय ना? मग डोस वाढवू.
सव्वादोन वर्षांची छाती
त्यांनी स्वेटरवरूनच ऐकली.
दोष नाही देत. बाहेर आणखी अकरा मुलं खोकत होती.

मी औषधाच्या विरुद्ध नाही.
मार्चमधल्या त्या रात्री
बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती,
तेव्हा निळ्या पंपानंच तिला परत आणलं.
म्हणून तर हात अडतो,
देतानाही, न देतानाही.

परवा मॉरीन नर्सनं
फ्रॉक वर केला, घड्याळ समोर धरलं
आणि पूर्ण एक मिनिट
नुसतं पाहिलं.
तेवढा वेळ कीबोर्ड गप्प होता.
मग विचारलं, घरात ओल आहे का?
आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी.

डॉक्टरांना विचारून तिनं पुडी थांबवली.
बाकीचं सोमवारी बघू, म्हणाली.

आज कपाट ओढलं, भिंत घासली,
बोटांना अजून व्हिनेगरचा वास येतोय.
पलंगाच्या कडेला बसून मोजतोय :
तेवीस. चोवीस.
मध्येच ती झोपेत हसली
आणि माझा आकडा चुकला.

एक.