ओढताना

चाळीसपर्यंत गरीब गाय.
त्यापुढे पाय दाबला, की पंचवाडीच्या चढणीवर
स्टिअरिंग नाही, आरसा नाही,
नेमका आपांच्या पायाखालचा पत्रा थरथरायचा.
"डावीकडे आहे," आपा म्हणाले,
चपला काढून, तळवे टेकून.
मी म्हटलं, बसा हो.

कुर्टीच्या टायरवाल्यानं चारही चाकं तोलली,
रिमच्या कडेला शिशाचे तुकडे ठोकले,
सहाशे घेतले.
शिरोड्यात मामेभावाच्या मित्रानं प्लग बदलले
आणि जुने माझ्या तळहातावर ठेवले,
जसे माझ्याच तोंडातून काढलेले दात.
परतताना पुन्हा तेच.
आपा काही बोलले नाहीत. फक्त चपला काढल्या.

तिळामळच्या तिठ्याजवळ जांभळाखाली ताडपत्री,
ताडपत्रीखाली इनास मेस्त.
त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
"उबी आसतना हालता, काय वोडटना?"

मी दचकले.
गेल्याच सोमवारी बांबोळीला
एका तरुण डॉक्टरणीनं हेच विचारलं होतं,
आपांच्या हाताबद्दल.
मांडीवर असताना थरथरतो, की कप उचलताना?
कप उचलताना, मी म्हटलं होतं.
मांडीवर तो निजलेल्या मांजरासारखा असतो.
तिनं काहीतरी लिहिलं, आणि तिचा चेहरा जरासा सैल झाला.

"ओढताना," मी इनासला सांगितलं.
"पाय काढला की?"
"गप्प."
"मग चाक नव्हे. चाक असतं तर उतारावरही बोंबललं असतं.
इंजिनही नव्हे, ते उभ्या उभ्यासुद्धा खोकलं असतं."
तो गाडीखाली सरकला. बाहेर नुसते पाय उरले,
एकात मोजा, एकात नाही.

डाव्या ॲक्सलचा रबरी बूट फाटला होता, करंगळीएवढा.
ग्रीस सांडून गेलेलं, आणि जे उरलं
ते ग्रीस नव्हतंच, तांबडा लगदा होता.
इनासनं तो चिमटीत चोळून आपांसमोर धरला.
खनिज.
खाणी बंद पडल्या, ट्रक विकले गेले,
रिवणहून जेटीपर्यंत आपांनी ज्या वाटेनं
वीस वर्षं तांबडी माती वाहिली, तिच्यात आता गवत.
धूळ मात्र अजून कामावर येते.

सांध्यात तीन रोलर, तीन खाचा.
खाचांमध्ये नखाला लागेल एवढाच खड्डा.
नुसतं फिरताना रोलर त्यावरून निसटून जातात,
जोर आला की पडतात, चढतात, पुन्हा पडतात.
हे मी त्याला दोनदा सांगायला लावलं.

नवा ॲक्सल मडगावहून बसनं आला,
कंडक्टरच्या सीटखाली, दोन फणसांच्या शेजारी.
चाकाचा मधला नट सुटेना.
पान्याला पाइप लावून इनास त्यावर उभा राहिला,
मग त्याचा पोरगाही.
"तेल सोड," आपा म्हणाले, "आणि पेज जेवून ये."
जेवून आल्यावर सुटला.

संध्याकाळी त्याच चढणीवर साठ, पासष्ट.
आपांनी चपला काढल्या, वाट पाहिली.
पत्रा गप्प.
शिरोड्याच्या हॉटेलात मी मुद्दाम
कप अर्धाच भरून आणायला सांगितलं होतं,
तरी बशीत सांडला.
"ह्याचा पार्ट मडगावहून येत नाही," आपा म्हणाले.
हसले का, ते कळलं नाही. मी सुटे पैसे शोधत होते.

जुना सांधा त्यांनी मागून घेतला.
आता तो खिडकीत असतो, वर्तमानपत्रावर.
आईनं दोनदा टाकायला काढला.
दुपारी आपा एखादा रोलर बोटानं फिरवतात,
आणि कागदावरचा तांबडा डाग
रोज थोडासा पुढे सरकतो.