तीस बाय चाळीस

अनगोळात बघितलं, परवडलं नाही.
टिळकवाडीत नुसतं बघितलं.
मजगावात एक मनात भरलेलं,
खरं विहिरीवरून दोन भावांची केस चाललेली.
एजंट म्हणाला, केसचं काय घेऊन बसलाय वहिनी,
आपल्या अख्ख्या गावाचीच केस आहे दिल्लीत,
म्हणून काय लोक राहायचे थांबलेत?
आम्ही हसलो. चहाचे पैसे त्यानंच दिले.

मग वडगावच्या पुढं, येळ्ळूर रोडला,
जिथं मागांचा खडखडाट संपतो
आणि बासमतीच्या शेतात प्लॉटचे पांढरे दगड उभे आहेत,
तिथं हे सापडलं.
दोन खोल्या, वर पत्रा, पुढं कढीपत्ता.
रुद्रप्पा बडिगेर मुलाकडं हुबळीला निघालेले.
किंमत सांगायच्या आधी त्यांनी दार उघडून दाखवलं,
मिटून दाखवलं, परत उघडलं.
सागवान. बिजागरीचा आवाज नाही.
"नान माडीनि," म्हणाले. मी केलंय.
दाराचे पैसे वेगळे लावले नाहीत.

दोन भिशा उचलल्या. सोसायटीचं कर्ज दहा वर्षांचं.
फॉल-पिकोच्या साड्या मी रात्री अकरापर्यंत घेऊ लागले.
ह्यांनी उद्यमबागेत डबल ड्यूटी मागितली,
फोरमननं दिली, वर विचारलं, गाडी घेतलास काय रे?
घर, असं हे म्हणाले नाहीत.
रजिस्टर होईपर्यंत बोलायचं नसतं.

सासऱ्यांनी सीमेपायी
बावीस दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात काढलेले.
भाड्याच्या खोलीतच गेले.
त्यांचा नकाशा होता एक, फ्रेम केलेला.
घरमालक भिंतीला खिळा मारू द्यायचा नाही,
म्हणून तो कपाटाला टेकवून ठेवायचे,
झाडताना मी उचलायची, पुसायची, परत ठेवायची.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात कागद सगळे कानडी.
पस्तीस वर्षं मी ह्या गावात,
बस अजून नंबरावरून ओळखते.
लिहिणारा भराभरा वाचत सुटला.
मी म्हटलं, थांबा. माझी मुलगी वाचू दे.
भाविका नववीत. कानडीत तिला पंच्याऐंशी पडले
तेव्हा मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.
का, ते आता आठवत नाही.
आठवतं.
तिनं बोट ठेवून वाचलं, आधी त्यांच्यात, मग माझ्यात:

पूर्वेला रस्ता.
पश्चिमेला गंगव्वा कंबार यांचं घर.
उत्तरेला गटार.
दक्षिणेला त्याच नंबरातला उरलेला भाग.

चार सीमा. शिक्क्यासकट.
हे खिडकीबाहेर बघत होते. डोळे पुसायला रुमाल काढला
आणि त्यानं कपाळाचा घाम पुसला.
उरलेला भाग कुणाचा, मी विचारलं.
लिहिणारा म्हणाला, ते ह्यात येत नाही.
सही मी मराठीत केली.
कुणी काही म्हणालं नाही. पुढचा नंबर पुकारला.

राहायला येऊन पाच महिने झाले.
नकाशाला खिळा मिळाला, दाराच्या बाजूला.
लाइटबिल अजून बडिगेरांच्याच नावानं येतं, मी भरते.
बदलायला अर्ज द्यावा लागतो. देऊ.
उरलेल्या भागात गंगव्वाची म्हैस चरते.
पाणी चार दिवसांनी, कधी पाच, वेळ ठरलेली नाही.

परवा पहाटे भिंतीपलीकडून ती ओरडली,
"नीर बंदाव्रीऽ!"
मी उठले, नळाला पाइप लावला,
दोन घागरी, एक बादली, पिंप अर्धं,
आणि मग ध्यानात आलं,
तिचं बोलणं मी मनात मराठी केलंच नव्हतं.

गळकी घागर तेवढी राहिली होती.
ती भरून कढीपत्त्याखाली ठेवली.